वाचकांचे प्रश्न : निळू फुले, वाड्यात आणि वाड्याबाहेर

मराठी चित्रपटांतील खलनायकांचा या सदरात ओझरता उल्लेख आला आणि त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे एकाच नावाभोवती फिरत राहिली, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर निळू फुले यांच्यासाठी राखून ठेवले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न (एक शिक्षिका, सातारा) : आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी कुणीतरी मुलगा मान तिरकी करून 'बाई, वाड्यावर या' म्हणतो आणि टाळ्या घेऊन जातो. त्यांपैकी एकानेही निळू फुले यांचा चित्रपट पाहिलेला नसतो. मागे एवढीच ओळख उरावी, इतकेच त्यांचे काम होते का?

उत्तर : मुळीच नाही. परंतु मुलांनाही दोष देता येणार नाही, कारण पिढ्यानपिढ्यांच्या नकलाकारांनी त्यांच्या हाती तेवढेच दिले आहे. नकलेत निळू फुले यांचा घोगरा आवाज येतो, शब्दाचे शेपूट ओढण्याची लकब येते, अर्धवट मिटलेले डोळे येतात. येत नाही ती त्यांच्या पात्राची गणिती बुद्धी. त्यांचा पाटील समोरच्या माणसाकडे पाहतो तेव्हा त्याची किंमत काय, तो किती दिवस टिकेल आणि त्याला विकत घेणे स्वस्त पडेल की संपवणे, याचा हिशेब त्या नजरेत चाललेला असतो. स्त्रीकडे पाहण्याची लंपट नजर हा त्या हिशेबातला एक रकाना आहे, आणि नकलाकारांनी नेमका तेवढाच उचलला.

याचा पुरावा हवा असेल तर जब्बार पटेल दिग्दर्शित 'सामना' पाहावा. विजय तेंडुलकर यांची पटकथा असलेल्या या चित्रपटात निळू फुले साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील झाले आहेत. एक दारुडा, भणंग मास्तर गावात येऊन पडतो. हे काम डॉ. श्रीराम लागू यांनी केले आहे. हिंदुराव त्याला घरी आणतात, धुऊनपुसून पाहुणा म्हणून ठेवतात आणि आपण उभे केलेले साम्राज्य त्याला दाखवतात. यात कुठेही दुष्टपणाचा आव नाही. आपल्या कर्तबगारीवर मनापासून खूश असलेला, पाहुणचारात कसूर न करणारा, अघळपघळ आणि काहीसा लाघवी असा हा माणूस आहे; त्याने खरोखरच गावाचे काही भले केले आहे, आणि ते तो लपवत नाही. मग मास्तर 'मारुती कांबळेचं काय झालं?' हा एकच प्रश्न धरून बसतो. गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाविषयीचा हा प्रश्न पुन्हा पुन्हा कानांवर येऊ लागतो, तसा हिंदुरावांचा पाहुणचार तोच राहूनही त्याचा अर्थ पालटत जातो. निळू फुले यांनी हा बदल आवाज चढवून दाखवलेला नाही. पहिल्यांदा ते प्रश्न हसण्यावारी नेतात, पुढे विषय बदलतात, आणि त्यानंतर मास्तर तोंड उघडण्याआधीच त्यांच्या चेहऱ्यावर तो प्रश्न येऊन थांबलेला दिसतो. लागूंचा मास्तर उघड्यावर धुमसतो, तर हिंदुराव आतल्या आत पोखरला जातो. आणि चित्रपटाच्या शेवटी त्याच्याविषयी आपल्याला वाटणारी भावना निव्वळ तिरस्काराची उरत नाही. ज्याला खलनायक म्हणून आयुष्यभर शिव्या खाव्या लागल्या, त्या नटाने खलनायकाला इतके माणूस करून ठेवावे, हेच या भूमिकेचे मोल आहे.

प्रश्न (एक वाचक, पुणे) : निळू फुले पुण्यात माळीकाम करत असत, असे वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. हे खरे आहे का? आणि बागेतला माणूस रंगमंचावर कसा पोहोचला?

उत्तर : खरे आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत त्यांनी तरुणपणी माळी म्हणून नोकरी केली. स्वतःची रोपवाटिका काढण्याची त्यांची इच्छा होती, पण भांडवलाअभावी ती राहून गेली. मात्र बागेतून ते थेट रंगमंचावर आले असे नाही. मधला मुक्काम राष्ट्र सेवा दलाचा होता, आणि तो समजून घेतल्याशिवाय हा नट समजत नाही.

सेवा दलाचे कलापथक ही त्या काळी समाजवादी विचारांची फिरती शाळा होती. वसंत बापट, पु. ल. देशपांडे यांच्यासारखी माणसे तिच्यासाठी लिहीत, आणि कार्यकर्तेच गाणारे, नाचणारे, सोंगे काढणारे असत. दादा कोंडके, राम नगरकर आणि निळू फुले हे तिघेही याच मुशीतून आले. १९५७ च्या निवडणुकीच्या धामधुमीत निळू फुले यांनी प्रचारासाठी 'येरा गबाळ्याचे काम नोहे' हा वग स्वतः लिहिला. पुढे पु. लं.च्या 'पुढारी पाहिजे' या लोकनाट्यातील रोंगे या भूमिकेमुळे ते जाणत्या प्रेक्षकांच्या नजरेत भरले आणि शंकर पाटील यांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगनाट्याने त्यांना घरोघरी पोहोचवले.

लोकनाट्याची शिस्त वेगळी असते. तमाशातील गण, गौळण, बतावणी आणि वग या चौकटीत शेवटच्या भागाला कथेचा सांगाडा असतो, पण त्यावरचे मांस नटाने रोज नव्याने चढवायचे असते. आज गावात काय घडले, कालच्या वर्तमानपत्रात काय आले, पुढच्या रांगेतील पुढारी कोणत्या पक्षाचा, हे टिपून जागच्या जागी वाक्य टाकता आले नाही, तर समोरचा प्रेक्षक उठून चहाला जातो. ज्याच्याविरुद्ध बोलायचे तोच कधी कधी समोर फेटा बांधून बसलेला असतो, आणि तरीही त्याला हसवून घरी पाठवायचे असते. निळू फुले यांच्या तिरकस, हळुवार, वरवर नम्र वाटणाऱ्या संवादफेकीचे मूळ आमच्या मते इथे आहे. सत्तेची टर उडवता उडवता त्यांनी सत्तेचा चेहरा इतका जवळून पाहिला होता, की पुढे कॅमेऱ्यासमोर तो चेहरा धारण करायला त्यांना फारसे सायास पडले नसावेत.

प्रश्न (एक निवृत्त अधिकारी, अहिल्यानगर) : मी स्वतः पाटील घराण्यातला आहे. तुमच्या चित्रपटांनी आणि विशेषतः निळू फुले यांच्या भूमिकांनी आमच्या समाजाची आणि एकूणच खेड्याची बदनामी केली. आमच्या आजोबांनी स्वतःच्या जमिनीवर शाळा बांधून दिली. असे पाटील पडद्यावर का दिसले नाहीत?

उत्तर : आपल्या रागामागचे कारण समजण्यासारखे आहे आणि तक्रारीत तथ्यही आहे. तमाशापटांच्या भरभराटीच्या काळात निर्मात्यांना एक पाटील, एक नाचणारीण, एक मास्तर आणि एक इरसाल सरपंच एवढे भांडवल पुरत असे. हा मसाला वर्षानुवर्षे तसाच वाटला गेला, आणि त्यातले कितीतरी चित्रपट आज पाहवत नाहीत. निळू फुले यांनीही अशा पुष्कळ चित्रपटांत कामे केली. ती सगळी कामे थोर होती असे म्हणणे म्हणजे त्यांच्या चांगल्या कामांवर अन्याय करणे होईल.

तरीही एक बाब आपल्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. पाटीलकीचे वंशपरंपरागत पद राज्य शासनाने १९६२ च्या कायद्याने रद्द केले. निळू फुले यांचा पहिला चित्रपट, अनंत माने दिग्दर्शित 'एक गाव बारा भानगडी', १९६८ चा आहे. म्हणजे ते पडद्यावर आले तेव्हा कागदोपत्री पाटील शिल्लकच नव्हता. मग हा माणूस कोण? जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या होत्या, प्रवरानगरपासून सुरू झालेली सहकारी साखर कारखान्यांची चळवळ पश्चिम महाराष्ट्रात फोफावली होती, जिल्हा बँका, खरेदी-विक्री संघ आणि शिक्षणसंस्था उभ्या राहत होत्या. या चळवळीने शेतकऱ्याच्या घरात पैसा आणला हे नाकारता येणार नाही, आणि तिच्यामुळे सत्तेची नवी गादी तयार झाली हेही नाकारता येणार नाही. निळू फुले यांचा पाटील वाड्यात राहत असला, तरी त्याचे सामर्थ्य वाड्यातून येत नाही. ते अध्यक्षाच्या खुर्चीतून, मतांच्या गठ्ठ्यातून आणि मुंबईला जाणाऱ्या फोनमधून येते. 'एक गाव बारा भानगडी'तील झेले अण्णा हा या माणसाचा विनोदी, गावरान अवतार आहे. हिंदुराव धोंडे पाटील हा तोच माणूस कारखान्याचा धनी झाल्यावरचा, आणि महेश भट यांच्या 'सारांश' या १९८४ च्या हिंदी चित्रपटातील गजानन चित्रे हा त्याच वृत्तीचा माणूस शहरातील राजकारणात शिरल्यावरचा. आडनावे, पोशाख आणि भाषा बदलत गेली, माणूस तोच राहिला. त्यामुळे या भूमिकांचा रोख एखाद्या जातीवर किंवा घराण्यावर नसून खुर्चीच्या मस्तीवर होता, असे आम्हांला वाटते. आपल्या आजोबांसारखे पाटील पडद्यावर यायला हवे होते, हे मात्र सपशेल मान्य आहे.

प्रश्न (नाट्यशास्त्राचा एक विद्यार्थी, नागपूर) : 'सखाराम बाइंडर'मधील त्यांच्या कामाविषयी जुनी माणसे भरभरून बोलतात. वगनाट्यातील नट तेंडुलकरांच्या नाटकात कसा बसला? तिथे तर पदरची वाक्ये घालण्याची सोय नव्हती.

उत्तर : आपला प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा आहे. कमलाकर सारंग यांनी दिग्दर्शित केलेले हे नाटक १९७२ मध्ये रंगभूमीवर आले. सखाराम निळू फुले यांनी केला आणि चंपा लालन सारंग यांनी. मोजक्या प्रयोगांनंतर नाटक परीक्षण मंडळाच्या कात्रीत सापडले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि तिथे नाटकाची बाजू उचलून धरली गेली. सारंगांनी हा सगळा लढा पुढे 'बाइंडरचे दिवस' या पुस्तकात मांडला. रंगभूमीच्या विद्यार्थ्याने ते अवश्य वाचावे.

आता नटाच्या कामाकडे येऊ. सखाराम हा पुस्तकबांधणीचे काम करणारा, नवऱ्याने टाकलेल्या बायकांना अटी घालून घरात ठेवणारा, चिलीम ओढणारा, मृदंग वाजवणारा, जन्माने ब्राह्मण पण ब्राह्मण्याची सगळी वस्त्रे फेडून बसलेला माणूस आहे. नाटकाच्या सुरुवातीला तो लक्ष्मीला घरात आणतो आणि या घराचे नियम तिला ऐकवतो. हे भाषण लांबलचक आहे आणि ते एकट्यानेच पेलायचे असते, कारण लक्ष्मी जवळजवळ गप्पच असते. पांढरपेशा रंगभूमीच्या वळणातला नट इथे एक तर गर्जना करील किंवा शब्दांना साज चढवील. सखारामला दोन्ही चालत नाही. त्याला हे भाषण पूर्वीच्या प्रत्येक बाईपुढे म्हणून पाठ झालेले आहे, ते त्याच्या तोंडी घरभाड्याच्या अटींसारखे आले पाहिजे, आणि तरीही ते ऐकताना प्रेक्षकाच्या पोटात गोळा आला पाहिजे. फडात वाढलेल्या नटाला एक गोष्ट उपजत कळते : प्रेक्षकाला वाक्य नुकतेच सुचल्यासारखे वाटले पाहिजे, मग ते शंभराव्यांदा का उच्चारले जात असेना. वगात ते खरोखरच नुकतेच सुचलेले असते. तेंडुलकरांच्या नाटकात शब्द लेखकाचा ठेवून तो ताजेपणा मात्र आपला आणायचा, हे निळू फुले यांनी साधले. आपण म्हणता ती पदरची वाक्ये घालण्याची सवय सोडणे त्यांना जड गेले असेलही, परंतु त्या सवयीने कमावलेली जाग त्यांनी सोडली नाही.

सखारामच्या दुसऱ्या टोकालाही त्यांचे एक काम आहे. जयवंत दळवी यांच्या 'सूर्यास्त' या नाटकात त्यांनी वृद्ध, तत्त्वनिष्ठ गांधीवादी उभा केला. हे नाव आजच्या विद्यार्थ्यांच्या यादीत सहसा दिसत नाही, ते असायला हवे. नट वाईट माणसे उत्तम करतो एवढ्यावरून त्याची ताकद ठरवणे सोपे आहे. साधा, सरळ आणि हट्टी माणूस कंटाळवाणा होऊ न देता रंगवणे त्याहून कठीण.

प्रश्न (एक वाचक, म्हापसा) : हिंदीत त्यांना म्हणावी तशी संधी का मिळाली नाही?

उत्तर : हिंदीत त्यांनी कामे केली, 'कुली', 'मशाल' आणि 'सारांश' ही नावे आपल्याला आठवतील. परंतु त्यांच्या अभिनयाचा कणा मराठी बोलीत होता. गावागणिक बदलणारे हेल, अर्धवट सोडलेली वाक्ये, 'हं' आणि 'बरं का' यांतला अर्थ, हे सगळे हिंदी संवादलेखनात गळून पडते. 'सारांश'मध्ये भूमिका मुळातच महाराष्ट्रीय राजकारण्याची असल्याने ते नुकसान कमीत कमी झाले, आणि म्हणूनच त्यांच्या हिंदी कामांत ती सर्वांत ठसठशीत ठरली.

प्रश्न (एक वाचक दांपत्य, सांगली) : आमच्यात वाद आहे. ह्यांचे म्हणणे निळू फुले खलनायक, माझे म्हणणे चरित्र अभिनेते. निकाल द्यावा.

उत्तर : निकाल वहिनींच्या बाजूने. खलनायकीच्या साच्यात एकदा शिरलेला नट सहसा बाहेर येत नाही. मराठीत साच्याची सक्ती किती क्रूर असू शकते, हे नाच्याच्या भूमिकेत आयुष्यभर जखडलेल्या गणपत पाटलांसारख्या गुणी नटाच्या वाट्याला काय आले त्यावरून कळते. निळू फुले यांनाही साचा चिकटला होताच. समोर आले की खेड्यातल्या बायका बोटे मोडत, असे किस्से आजही सांगितले जातात. पण त्यांनी तो साचा मधूनमधून मोडला, आणि त्याचे सर्वांत लखलखीत उदाहरण म्हणजे १९७९ चा 'सिंहासन'.

अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि दिग्दर्शन पुन्हा जब्बार पटेल यांचे होते. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, श्रीराम लागू अर्थमंत्री, सतीश दुभाषी कामगार नेते, आणि राजकारणी रंगवण्यात ज्यांचा हातखंडा त्या निळू फुले यांना भूमिका मिळाली ती दिगू टिपणीस या पत्रकाराची. ही निवडच विलक्षण होती. ज्याने दहा-अकरा वर्षे सत्तेचा चेहरा रंगवला, त्याला आता सत्तेकडे नुसते पाहत राहायचे होते. दिगूच्या हातात काहीच नाही. त्याला सगळ्यांचे सगळे कळते, मंत्री त्याला खोलीत बोलावून घेतात, तो ऐकतो, सिगारेट ओढतो, तिरकस दोन शब्द टाकतो आणि निघून जातो. वाड्यावरच्या पाटलाचा रुबाब, ऐट, भारदस्त चाल यांतले काहीही त्याच्यात नाही. खांदे किंचित उतरलेले, चाल थकलेली, डोळे मात्र सतत जागे. एरवी हिशेब मांडणारी ती नजर इथे दुसऱ्यांचे हिशेब तपासते. आणि अखेरीस सगळ्या उलथापालथीनंतर खुर्च्यांची नुसती अदलाबदल झालेली पाहून हा माणूस रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो, तेव्हा ते हसू खलनायकी हसूचा जुना अनुभव असलेल्या प्रेक्षकालाही ओळखू येत नाही.

प्रश्न (एक कार्यकर्ती, धुळे) : पडद्याबाहेरच्या त्यांच्या सामाजिक कामाविषयी थोडक्यात सांगाल का?

उत्तर : सेवा दलात असताना ते ऐंशी रुपये पगारातून दहा रुपये दलाला देत असत, ही रीत पुढे नाव आणि पैसा मिळाल्यावरही सुटली नाही. डॉ. लागू, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि डॉ. बाबा आढाव यांच्यासमवेत ते सामाजिक कृतज्ञता निधीच्या उभारणीत होते. पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावे, हा या निधीचा हेतू. त्यासाठी आचार्य अत्रे यांचे 'लग्नाची बेडी' नामवंत कलावंतांच्या संचात महाराष्ट्रभर फिरवण्यात आले आणि त्याचे उत्पन्न निधीत जमा झाले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठांवरही ते नेमाने जात. १९९१ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला.

प्रश्न (एक तरुण वाचक, ठाणे) : मी त्यांचे काहीच पाहिलेले नाही. कुठून सुरुवात करू? शेवटचा चित्रपट कोणता?

उत्तर : सुरुवात 'सामना'पासून करावी, आणि लगेच दुसऱ्या दिवशी 'सिंहासन' पाहावा, हे दोन्ही पाठोपाठ पाहिले तरच एकाच नटाने केवढे अंतर कापले आहे ते कळेल. त्यानंतर 'एक गाव बारा भानगडी' पाहावा. तो आधी पाहिल्यास आपण हसून मोकळे व्हाल. 'सामना'नंतर पाहिल्यास झेले अण्णांच्या विनोदातला धारदारपणा जाणवेल. चौथा 'सारांश'. दादा कोंडके यांच्यासोबतचा 'सोंगाड्या' सवडीने पाहिला तरी चालेल, त्यात निळू फुले यांच्यापेक्षा दादांकडेच लक्ष जाते. अखेरच्या दिवसांतील 'गोष्ट छोटी डोंगराएवढी' हा शेतकऱ्यांच्या प्रश्नावरचा चित्रपट २००९ चा आहे, आणि त्याच वर्षी १३ जुलै रोजी पुण्यात अन्ननलिकेच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. 'सखाराम बाइंडर' त्यांच्या आवाजात ऐकण्याची आपली संधी गेली आहे. नाटकाची संहिता मात्र पुस्तकांच्या दुकानांत सहज मिळते, आणि लक्ष्मीला नियम ऐकवण्याचा तो पहिला प्रवेश 'सामना' पाहून झाल्यावर मोठ्याने वाचून पाहण्यास हरकत नाही.